प्लेचं बटण दाबण्याआधी

मी या धंद्यात आले तेव्हा अल्फा मराठी आणि ई टीव्ही मराठी या दोन्ही वाहिन्या नव्याच होत्या. माझं पहिलं काम शेड्युलिंगचं. कुठली मालिका किती वाजता, ब्रेक कुठे, आणि रात्रीच्या भागाची बेटा टेप गोरेगावहून निघाली की नाही, याचा फोनवर पाठपुरावा. पुढे वाहिनीचा डिजिटल विभाग, मग ओटीटी, आणि शेवटी एका प्लॅटफॉर्मवर प्रादेशिक भाषांची जबाबदारी. आता सल्लागार म्हणून काम करते. म्हणजे मीटिंगा त्याच, फक्त मत देऊन घरी जाता येतं.

मास कम्युनिकेशनची मुलं भेटायला येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, तुम्ही सीरिज कशा निवडता?" निवडण्याचं काम वर्षभराच्या कामात फार थोडं असतं. बाकी सगळं प्रेक्षकाने बटण दाबण्याआधी उरकायचं असतं, आणि ते नीट झालं तर कुणाला दिसतही नाही. मुलं त्याबद्दल विचारत नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

१. गुरुवार गेला, धास्ती राहिली

टीव्हीत आमचा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत असायचा. त्या दिवशी बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडे यायचे. २०१५ च्या आधी टॅमचे यायचे. निवडक घरांतल्या मीटरवरून काढलेला तो आकडा हातात पडला की प्रोग्रामिंगच्या मजल्यावर कोण मोठ्याने बोलतंय आणि कोण केबिनचं दार लावून बसलंय, यावरून निकाल कळायचा. मालिकेतली सून शुक्रवारी अचानक आजारी पडली तर समजावं, काल आकडा पडला.

स्ट्रीमिंगमध्ये आल्यावर वाटलं, आता ही अंदाजपंचे भानगड संपली. इथे कोण किती मिनिटाला थांबला, कुठे मागे गेला, कुठे कंटाळून बंद केलं, सगळं दिसतं. दिसतं हे खरं. पण गुरुवारची धास्ती होती ती आता रोज सकाळी डॅशबोर्ड उघडताना होते.

आमच्या एका मराठी सीरिजच्या दुसऱ्या भागात नवव्या मिनिटाच्या आसपास लोक भराभर बाहेर पडत होते. आलेखाची कडा तुटल्यासारखी दिसायची. प्रसंग साधा होता: पावसाळी संध्याकाळ, स्वयंपाकघर, बाप आणि मुलगी हळू आवाजात बोलताहेत. क्रिएटिव्हवाले म्हणाले, प्रसंग रेंगाळतो. मार्केटिंगचं म्हणणं, बापाच्या भूमिकेत ओळखीचा चेहरा हवा होता. दिग्दर्शकाला बोलावलं, प्रसंग कापायची भाषा सुरू झाली. दर्जा तपासणाऱ्या क्यूसी विभागातला एक मुलगा कँटीनमध्ये इअरफोन न लावता स्वतःच्या फोनवर तो भाग बघत बसला होता. माझ्यापुढे फोन धरून म्हणाला, "मॅडम, ऐका जरा. बाप बोलतोय, की नुसता श्वास घेतोय?"

आवाजाचं मिक्स ५.१ चं होतं. त्यात संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. फोनसाठी दोन चॅनेलचं मिक्स सॉफ्टवेअरने आपोआप तयार केलं होतं आणि त्यात संवाद दबले, पाऊस वर आला. मोठ्या टीव्हीवर हे जाणवत नव्हतं, हेडफोनवर थोडंसं. आम्ही आकडे उपकरणांनुसार वेगळे काढले तेव्हा टीव्हीवर बघणाऱ्यांतलं फारसं कुणी उठलं नव्हतं. दोन चॅनेलचं मिक्स हाताने नव्याने करून घेतलं आणि नववं मिनिट गुपचूप इतर मिनिटांसारखं दिसू लागलं. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने तो भाग प्रीव्ह्यू थिएटरमध्ये, उत्तम स्पीकरवर पाहिला होता.

तेव्हापासून मी कुठल्याही भागाला मान्यता देण्याआधी तो एकदा स्वस्त फोनवर, घरातला मिक्सर चालू असताना बघते.

२. आधी कागद बघा

या कामातला सगळ्यात जड भाग कोणता विचाराल तर मी हक्कांचे कागद म्हणेन. लोकांना वाटतं, जुनी नाटकं आणि मालिका कपाटात पडल्यात, त्या अपलोड करायला काय जातं? ज्याच्याकडे टेप आहे त्याच्याकडे हक्क असतोच असं नाही. ज्याच्याकडे हक्काचा कागद आहे, त्याचाही तो हक्क संपलेला असू शकतो.

आपल्याकडे व्हीसीडीच्या काळात मराठी नाटकांचं भरपूर चित्रीकरण झालं. गणपतीत आणि दिवाळीत त्या व्हीसीडी हातोहात खपायच्या. करार एक-दोन पानांचे. नाटककाराला एकरकमी पैसे, खाली सही, एखादा साक्षीदार. पुढे ओटीटी आलं आणि तेच कागद घेऊन मध्यस्थ आमच्याकडे येऊ लागले: "मॅडम, कायमस्वरूपी हक्क आपल्याकडे आहेत."

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो करार फक्त भारतापुरता. म्हणजे न्यू जर्सीत बसून रविवारी दुपारी नाटक बघणारी मंडळी त्यातून आपोआप वगळली जातात, आणि मराठी नाटकासाठी पैसे मोजायला सगळ्यात आधी तीच तयार असतात. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक गोष्ट घातली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिले गेले असं मानायचं नाही. जुन्या करारांना हे कुठवर लावायचं यावर दोन वकील समोरासमोर बसवा आणि जेवून या. परत याल तेव्हा ते तिथेच असतील.

एका नाटकासाठी मी डोंबिवलीला नाटककारांच्या पत्नीकडे गेले होते. मध्यस्थाने दाखवलेल्या कराराची कार्बन प्रत त्यांच्याकडेही होती, विमा पॉलिसीच्या फाइलमध्ये, नीट घडी घालून. मी म्हटलं, "काकू, यात मुदत कुठेच लिहिलेली नाही."

"मुदत कशाला लिहितील? हे म्हणाले, घेऊ दे त्यांना, त्यानिमित्ताने नाटक घराघरांत जाईल."

मी त्यांना पाच वर्षांचा हिशेब सांगितला. ती मुदत केव्हाच उलटली होती आणि हक्क वारसदार म्हणून त्यांच्याकडे आले होते. मधल्या काळात त्याच कागदावर नाटक आणखी कुणाकुणाला विकलं गेलं होतं, ते वेगळंच. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मी नाही म्हणू शकते?"

"हो."

"आणि हो म्हटलं तर किती देणार?"

घासाघीस अशी केली की आमच्या खरेदी विभागाने शिकावी. शेवटी मुदत, प्रदेश, माध्यम, सबटायटलचा हक्क, दुसऱ्या भाषेत डब करण्याचा हक्क असं सगळं वेगवेगळं लिहून करार झाला. डबिंग त्यांनी दिलं नाही. "ह्यांची भाषा आहे ती," म्हणाल्या. मला ते व्यवसायाच्या दृष्टीने गैरसोयीचं होतं. पण हक्क त्यांचा होता.

नाटककाराशी मिटलं तरी संगीत उरतंच. जुन्या मालिकांत पार्श्वभूमीला सर्रास सिनेमाची गाणी वाजायची. हळदीचा प्रसंग असला की कुठलं तरी लोकप्रिय गाणं लावून टाकायचे. ती गाणी म्युझिक कंपन्यांची. एक तर पैसे भरा, नाहीतर तेवढा भाग मुका करा. मुका केला की हळद कुणाच्या तरी दिवसकार्यासारखी दिसते. माझ्या हातात निर्णय असता तर प्रत्येक प्रॉडक्शन हाउसमध्ये लेखकाच्या आधी एक रेकॉर्ड-कीपर नेमला असता.

३. गर्दी येते तेव्हापेक्षा जाते तेव्हा सांभाळा

लाइव्ह प्रक्षेपणातली माझी शिकवणी क्रिकेटने घेतली, तीही लांबून. १० जुलै २०१९ ला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना राखीव दिवशी पुढे सुरू झाला तेव्हा हॉटस्टारवर एकाच क्षणी २ कोटी ५३ लाख लोक होते. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. आमच्या क्षेत्रातली माणसं त्या दिवशी सामना कमी आणि तो आकडा जास्त बघत होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढे लोक आले म्हणजे सर्व्हर झोपणार. येणारी गर्दी अवघड असते, पण तिचा अंदाज असतो. टॉस कधी आहे हे माहीत असतं, त्यामुळे यंत्रं आधीच वाढवून ठेवता येतात. ऐनवेळी नवी यंत्रं मागवली तर ती उभी राहायला काही मिनिटं लागतात आणि विकेट पडायला एक चेंडू पुरतो. खरी कसोटी त्या उपांत्य सामन्यात धोनी धावबाद झाला तेव्हा. गप्टिलची फेक यष्ट्यांवर लागली आणि लोक भराभर ओसरले. ओसरणारा प्रत्येक जण 'बॅक'चं बटण दाबतो आणि मुखपृष्ठावर येतो. सामना बघताना फक्त व्हिडिओचे तुकडे जात असतात, तेही बहुतांश जवळच्या कॅश सर्व्हरवरून. मुखपृष्ठाला मात्र प्रत्येकाची वेगळी यादी, अर्धवट बघितलेलं, शिफारशी असं सगळं काढावं लागतं. दादरला गाडी रिकामी होते तेव्हा डबे मोकळे होतात आणि पूल तुंबतो, तसंच हे.

आमच्याकडे क्रिकेट नव्हतं. शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या काही मैफली आम्ही लाइव्ह दाखवायचो. संख्या त्या मानाने चिमूटभर, पण मध्यंतर झालं की हुबेहूब तेच व्हायचं. आमच्या अभियंत्यांनी त्यावर सोपा उपाय काढला: मैफलीच्या वेळी सगळ्यांना एकच साधं, आधीच तयार असलेलं मुखपृष्ठ दाखवायचं. शिफारशी तासभर बंद. कुणीही तक्रार केली नाही.

लाइव्हमधलं आणखी एक दुखणं म्हणजे उशीर. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो आणि प्लेअर दोन-चार तुकडे हाताशी ठेवून मग दाखवायला लागतो. त्यामुळे शेजारच्या घरात डिशवर षटकार आधी पडतो आणि तुमच्या फोनवर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला असतो. चाळीत राहणाऱ्या प्रेक्षकाला बफरिंगपेक्षा याचा राग जास्त येतो.

४. विसरलेला ग्राहक

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की आमचे आधीचे सगळे अंदाज रद्दीत गेले. नेटफ्लिक्स त्याच वर्षी जानेवारीत भारतात आलं होतं, प्राइम व्हिडिओ डिसेंबरात आलं. सगळ्यांना वाटलं, आता भारतीय प्रेक्षक महिन्याला पैसे भरायला लागणार. प्रेक्षकाने स्वस्त डेटा घेतला आणि यूट्यूब लावलं.

दरांची कहाणी पुढे खालीच उतरत गेली. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये फक्त मोबाइलसाठी १९९ रुपयांचा प्लॅन काढला, डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ वर आणला. २०२३ चं आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसलं. त्याच्या आदल्या वर्षी २०२३ ते २०२७ या हंगामांचे भारतीय उपखंडातले डिजिटल हक्क २०,५०० कोटींना गेले होते. एवढ्याला घेतलेली वस्तू फुकट वाटणारा बाजारात उभा असताना शेजारी मराठी मालिकेसाठी शंभर रुपये मागायचे, म्हणजे बोहनीची आशाच सोडायची.

पण मला मुद्दा वेगळा सांगायचाय. सबस्क्रिप्शनच्या धंद्यात कुणी मोठ्याने बोलत नाही अशी एक गोष्ट आहे. सगळ्यात आवडता ग्राहक तो, जो कार्ड जोडून विसरला. तो बघत नाही, त्याच्यावर बँडविड्थ खर्च होत नाही, पैसे मात्र दर महिन्याला येतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम लागू झाले. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं, आणि पहिल्यांदा जोडताना ओटीपीसारखी जादा खातरजमा करायची. मर्यादेवरच्या रकमेला प्रत्येक वेळी खातरजमा. ती मर्यादा तेव्हा ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. कित्येक बँकांची यंत्रणा वेळेत तयार नव्हती. त्या महिन्यात रिन्यूअल कोसळलं आणि आमच्या मजल्यावर सुतकी वातावरण होतं.

मला मात्र तो नियम तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. त्या एका मेसेजमुळे दर महिन्याला ग्राहक स्वतःला विचारू लागला की आपण हे बघतो का? तोच प्रश्न मग आम्हाला स्वतःला विचारावा लागला. महिनाअखेरीला काय प्रदर्शित करायचं, कुणाला आठवण करायची, वर्षाची सवलत कुणाला द्यायची, हे सगळं नियोजन त्या पडझडीतून सुरू झालं. त्याआधी आम्ही नवा ग्राहक आणण्यावर पैसा ओतत होतो आणि जुना मागच्या दाराने चालला होता.

५. 'हिंदी कळतंच की'

माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. बजेटची बैठक. तमिळ, तेलुगू, मलयाळम, बंगाली यांच्या पाट्या पुढे सरकतात. मराठीची पाटी आली की कुणीतरी समजूतदार आवाजात म्हणतं, मराठी प्रेक्षकाला हिंदी कळतंच की.

यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे, नुसतं चिडून भागत नाही. तेलुगू माणूस हिंदी सीरिजसाठी पैसे भरणार नाही, म्हणून तेलुगूवर केलेला प्रत्येक रुपया नवा ग्राहक आणतो. मराठी माणूस हिंदी सीरिज बघायला आधीच आलेला असतो. त्याच्यासाठी मराठीवर खर्च केला तर नवा ग्राहक किती येतो? एक्सेलमध्ये तो रकाना केविलवाणा दिसतो. बंगालीत २०१७ मध्ये होईचोई हा त्या भाषेचा प्लॅटफॉर्म उभा राहिला, तेलुगूत २०२० मध्ये आहा. मराठीत प्लॅनेट मराठी २०२१ मध्ये 'जून' हा सिनेमा घेऊन आलं. दरम्यान मराठीतलं ताजं लिखाण यूट्यूबवर गेलं होतं. भाडिपाने २०१६ पासून तिथे जो प्रेक्षक जमवला तो कुठल्याच वाहिनीच्या गणतीत नव्हता. मराठीतून बाहेर काही जात नाही म्हणावं, तर एमएक्स प्लेअरवरचं 'समांतर' (२०२०) सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचं होतं आणि हिंदी, तमिळ, तेलुगूतही डब होऊन गेलं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. ही उदाहरणं बैठकीत दिली की लोक माना डोलावतात आणि पुढची पाटी उघडतात.

अस्मितेचं भाषण तिथे चालत नाही. मी ते केलेलं नाही. करणाऱ्यांचं काय होतं ते पाहिलंय. मी रकाना बदलायला सांगितला. मराठीने नवा ग्राहक किती आणला याऐवजी, मराठी बघणारं घर किती दिवस टिकलं ते मोजा. आमच्या विश्लेषकांनी कुरकुरत ते मोजलं. ज्या खात्यांवर दुपारी टीव्हीच्या पडद्यावर मराठी नाटक, जुना सिनेमा किंवा कीर्तन लागायचं ती खाती गळत नव्हती. कारण समजायला विश्लेषक लागत नाही. मुलाने आपल्या क्राइम सीरिजसाठी खातं घेतलेलं असतं. ती संपली की तो बंद करायला जातो आणि आई विचारते, "अरे, मग माझं नाटक?" खातं आईखातर चालू राहतं. हा मुद्दा मी एका ओळीत मांडला आणि पहिल्यांदाच मराठीची पाटी पाच मिनिटं पडद्यावर राहिली.

बजेट वाढलं, पण थोडंच. या वादात मी पूर्ण जिंकले असं सांगितलं तर माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हसू येईल. मराठी निर्मात्यांनाही इथे चार शब्द ऐकवायला हवेत. वर्षानुवर्षं सिनेमाचे टीव्हीचे हक्क विकताना अनेकांनी डिजिटल हक्क वर फुकट देऊन टाकले, कोथिंबिरीसारखे. जी वस्तू आपणच फुकट दिली तिला बाजार भाव देत नाही, म्हणून रुसण्यात अर्थ नाही.

६. शोधणारा कसा शोधतो ते बघा

मराठी सिनेमाची नावं प्रेक्षक फोनवर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. 'अशी ही बनवाबनवी'त 'व' कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. 'अशी'मध्ये कुणी एच टाकतो, कुणी गाळतो. 'ही' कधी एक आय, कधी दोन ई. सर्चने हे सगळं समजून घेतलं नाही तर सिनेमा आपल्याकडे असूनही प्रेक्षकाच्या दृष्टीने नाही. एका इंटर्नला बसवून जुन्या लोकप्रिय नावांची अशी सगळी रूपं लिहून घेतली. कंटाळवाणं काम होतं. त्या तिमाहीत जाहिरातीने जेवढा फरक पडला नसेल तेवढा त्या यादीने पडला.

७. तक्रारी स्वतः वाचा

फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाचे नवे नियम आले. यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी, तक्रार निवारण अधिकारी, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय. कायद्याची मंडळी धास्तावली होती की आता अश्लीलतेच्या तक्रारींचा पूर येणार. आमच्याकडे आलेल्या ढिगातल्या बहुतेक तक्रारी अशा: पैसे दोनदा कापले, ओटीपी येत नाही, टीव्हीवर मराठी अक्षरं चौकोन चौकोन दिसतात. एका आजोबांनी सुवाच्य अक्षरात पत्र लिहून त्याचा फोटो पाठवला होता: सबटायटलमध्ये 'शिक्षण'चं 'शिक्षन' झालंय, लाज वाटत नाही का?

शिव्यांविषयी माझं मत विचारतात म्हणून सांगते. सुरुवातीच्या काही वर्षांत सेन्सॉर नाही म्हटल्यावर लेखकांनी शिव्यांचा नुसता मारा केला. नंतर तो प्रेक्षकालाच जुना झाला. गावाकडची माणसं लिहायची म्हणजे दर वाक्याला शिवी, ही मुंबईतल्या लेखकांची समजूत अजून पुरती गेलेली नाही.

८. रात्री बारानंतर

पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं आमचा मोठा प्रेक्षक होती. रात्री साडेअकराला त्यांचं बघणं थांबायचं आणि बाराच्या ठोक्याला पुन्हा सुरू व्हायचं. आमच्या दिल्लीच्या सहकाऱ्याने यावर 'मध्यरात्रीचा प्रेक्षक भयकथा पसंत करतो' असा सिद्धांत मांडला. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेबाहेर चहा पिताना खुलासा झाला. एक मुलगा म्हणाला, "दीड जीबीचा पॅक आहे ना मॅडम. बारा वाजता नवा मिळतो."

मग आम्ही व्हिडिओच्या सगळ्यात खालच्या दर्जावर मेहनत घेतली. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळी अक्कल ४के वर खर्च होते, कारण अधिकाऱ्यांच्या घरी ४के टीव्ही असतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि नेटवर्कवरचा ताण कमी करायला सगळ्या मोठ्या प्लॅटफॉर्मनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवर ४८० पीच्या वर जायचं नाही असं ठरवलं, तेव्हा ती मेहनत कामी आली. ४८० मध्ये सबटायटल वाचता येतात का, अंधारातल्या प्रसंगात माणसाचा चेहरा दिसतो का, याची आम्हाला आधीच खात्री होती.

९. पाटी बदलते, फोन नंबर ठेवा

माझ्या ओळखीतल्या लोकांच्या व्हिजिटिंग कार्डांवरच या क्षेत्राचा इतिहास लिहिता येईल. वूट २०२३ मध्ये जिओसिनेमात विरलं. झी आणि सोनी यांचं विलीनीकरण २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये मोडलं. रिलायन्स आणि डिस्नेचा व्यवहार नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं. प्रत्येक वेळी एका पदावर दोन माणसं होतात आणि एकाला निघावं लागतं. त्यात कर्तबगारीचा संबंध थोडा आणि नशिबाचा जास्त.

अशा वेळी कामाला येतात ती माणसं पाट्यांवर नसतात. शुक्रवारी रात्री अकराला फाइल नाकारली गेली तर फोन उचलणारा एन्कोडिंगवाला. देवनागरी सबटायटलमध्ये ओळ कुठे तोडायची हे न सांगता कळणारी ठाण्याची एक बाई. कोल्हापूरचा एक डबिंग आर्टिस्ट, तो एका दिवसात तीन वयांचे आवाज काढतो. ही बहुतेक सगळी कंत्राटावरची, आणि कंपनी बदलली, विकली, विलीन झाली की यांची बिलं सगळ्यात शेवटी निघतात. एका ठिकाणी मी आत गेले तेव्हा सबटायटलवाल्यांची थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेलेली होती आणि अकाउंट्सला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

लहान उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात कमाल ४५ दिवस लिहिलेत, तेही लेखी करार असेल तर. नाहीतर १५. मी सगळ्यांना आधी उद्यम नोंदणी करायला लावली आणि बिलावर तो क्रमांक टाकायला सांगितलं. तरी अकाउंट्स हलेना. मग आयकराचं कलम ४३बी(एच) आलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेळेत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला वजा मिळत नाही. त्या मार्चअखेरीला खुद्द सीएफओंचा मला फोन आला, तुमच्या त्या सबटायटलवाल्यांची यादी जरा पाठवता का. यादी तयारच होती, पाठवून दिली.